भाकरीच्या वेळची स्पॅनिश

१४ ऑगस्ट

पवनचक्कीवाले आज घरी येऊन गेले. दोघे परदेशी, स्पेनचे. मार्ता नावाची पस्तिशीची बाई, तीच साहेब. आणि इग्नासिओ नावाचा पांढऱ्या दाढीचा मोजणीवाला. गावानं एका दिवसात तिचं मारताबाई करून टाकलं. त्यांच्याबरोबर आमचा रविराज होता, माझ्या वारलेल्या भावाचा मुलगा. त्याला इंग्रजी येतं, म्हणून कंपनीनं त्याला शेतकऱ्यांशी बोलायला धरलं आहे.

माझं म्हणणं मी सरळ मांडलं. वरचा माळ भाड्यानं देतो, तिथं कुसळाशिवाय काही येत नाही. पण पायथ्याची सीताफळाची बाग देणार नाही आणि बागेतून रस्ताही देणार नाही. ती बाग माझ्या बायकोनं, जानकीनं लावली आहे. पहिले दोन उन्हाळे घागरीनं पाणी घालून तिनं ती जगवली. क्रेन वर न्यायची असेल तर ओढ्याच्या अंगानं न्या, लांब पडलं तरी चालेल.

रविराजनं ते इंग्रजीत सांगितलं. निघताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "मॅडमला सांग, रविराज म्हणजे मीच. हा बोलला म्हणजे मी बोललो." पंचायत समितीत होतो तेव्हापासूनची ही माझी पद्धत. माणूस पुढं करायचा तर पुरा करायचा. बाईनं रविराजला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. मलाही बरं वाटलं.

खटकलं ते पुढचं. ती दोघं आपसात त्यांच्या भाषेत बोलू लागली. माझ्या ओसरीवर, माझ्या तोंडासमोर. बाई हसलीसुद्धा. तीस वर्षं राजकारणात काढली आहेत मी. समोरच्या माणसाला कळू नये असं बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच.

१७ ऑगस्ट

रविराजला विचारलं, त्या दिवशी ते आपसात काय बोलत होते?

"काय न्हाई काका, ऊन लई हाय म्हणत होते."

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. म्हणजे हे लोक आमच्या पोरालाही खोटं सांगतात. सावध राहायला पाहिजे.

२२ ऑगस्ट

आज वेगळंच कळलं. दुपारी पाणी प्यायला आत गेलो तर सूनबाई ज्वारी निवडत होत्या, कानात फोनची दोरी, आणि तोंडानं काही पुटपुटत होत्या. भाषा आपली नाही, हिंदी नाही, इंग्रजीही नाही. मला पाहून दोरी काढली, पदर घेतला आणि गप्प झाल्या. मनात नको नको ते आलं. जानकीला बाजूला घेऊन म्हटलं, ही कुणाशी बोलत असते?

"कुनाशी न्हाई. ती स्पॅनिश हाय. इसरू नये म्हनून ऐकती."

"हिला कशी येती?"

"लग्नाआधी पुण्यात दोन वर्सं शिकलीती की. नोकरीबी लागलीती. तुमीच म्हनलात ना, आपल्या घरच्या सुना नोकरीला जात न्हाईत म्हनून."

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच वाटतं.

अंबाजोगाईच्या प्राध्यापकाची मुलगी आहे, शिकलेली आहे हे माहीत होतं. काय शिकली आहे हे विचारायचं राहिलं होतं. जानकी म्हणाली, "मग बसवा की तिला बैठकीत. काय बोलतेत ते घडीभरात सांगल."

"शहाणी हायस का? चार पुरुषांत सून ओसरीवर बसल? गाव काय म्हनल?"

"मग बसा तसंच तोंडाकडं बघत."

विचार केला. सून बाहेर येऊ शकत नाही, पण भाषा बाहेर येऊ शकते. मी एकसष्ट वर्षांचा आहे. तल्लख नाही, पण चिकट आहे. मीच शिकणार.

२५ ऑगस्ट

पहिला धडा. व्यवस्था अशी: मी ओसरीवर बाजेवर, स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून. सूनबाई आरोही आत चुलीपाशी, भाकऱ्या करत. जानकी मधे उंबऱ्यावर. सून-सासऱ्यानं फार वेळ समोरासमोर बोलणं बरं दिसत नाही, म्हणून ही सोय.

आरोही म्हणाली, आधी वर्तमानकाळ घेऊ. मी नाही म्हटलं. पुढं काय करणार हे सगळेच गोड सांगतात, भविष्यकाळ पुढाऱ्यांचा असतो. आत्ता काय चाललं आहे ते मला डोळ्यांनी दिसतं. माझ्यामागं काय झालं तेवढं मला कळलं पाहिजे. भूतकाळ शिकव.

आत तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं मामंजी. तेच बरं."

'बोलणे' हे क्रियापद घेतलं. आब्लार. लिहिताना पुढं ह लागतो, पण तो बोलायचा नाही. लिहायचा तर बोलायचा का नाही, असं विचारलं, तर म्हणाली, "घरात असतात की अशी माणसं." जानकीला का हसू आलं कुणास ठाऊक.

शेवटचा 'आर' काढून टाकायचा आणि ज्यानं काम केलं त्याची शेपटी लावायची. आब्ले, मी बोललो. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. आब्लामोस, आम्ही बोललो. आब्लारोन, ते बोलले. 'मी', 'तू' वेगळं सांगायला लागत नाही. यात मला नवल वाटलं नाही. आम्ही 'गेलतो' म्हटलं की कोण गेलता हे सांगावं लागतं का?

आत भाकरी थापल्याचा आवाज आणि इकडं माझं आब्ले-आब्लास्ते. ताल बरा जमला.

२९ ऑगस्ट

एक रूप एक शेपटी, असं असतं तर सोपं होतं. पण आब्लो शब्दात शेवटच्या 'ओ'वर जोर दिला तर 'तो बोलला', आणि पहिल्या 'आ'वर दिला तर 'मी बोलतो'. मी आरोहीला म्हटलं, ही कसली भाषा? मी आणि तो यांत फरक फक्त जोराचा?

ती म्हणाली, "म्हणूनच कोण बोललं ते नीट ऐकावं लागतं, मामंजी."

माझा जोर चुकतो. जानकीचा चुकत नाही. ती शिकतही नाही, नुसती लसूण सोलत बसते, आणि मी अडलो की पुढचं रूप टाकते. मला ते आवडत नाही.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला, आज पवनचक्कीवाले पुन्हा आले. मी कान टवकारून बसलो होतो. ती दोघं त्यांच्या भाषेत बोलली, पण वेग असा की ज्वारीच्या पोत्याला भोक पडावं. एकही शेपटी हाती आली नाही.

बोलणं चालू असताना आत कप फुटला. जानकी उठून गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी आरोही दाराच्या आडून म्हणाली, "मामंजी, एक सांगायचं होतं."

"कपाचं ना? फुटू दे. कप काय कुनी जन्माचे आणतं?"

"कपाचं नाही." पण तेवढ्यात रविराज ओसरीवर आला, "काय चाललंय वहिनी?" म्हणाला, आणि ती आत गेली. घरच्या माणसासमोर काय लाजायचं, कळत नाही.

जेवणानंतर आतून बजरंगचा आवाज चढला. "रव्याबद्दल एक शब्द बोलू नको. संगं वाढलोय आमी. तुझ्या भाषेचा माज इथं दाखवायचा न्हाई." नवरा-बायकोचं भांडण. मी लक्ष दिलं नाही. मुलगा दिवसभर केजला दुकानात असतो, दमून येतो. सुनेनंही समजून घ्यावं.

५ सप्टेंबर

आज आरोहीनं आपण होऊन नवीन क्रियापद घेतलं. फिर्मार, सही करणे. चालतं आब्लारसारखंच: फिर्मे, फिर्मास्ते, फिर्मो. एकाचं जमलं की शेकडो क्रियापदं जमतात म्हणे. हे मला आवडलं. एक गाव हाती आलं की पंचायत समितीचा गणच हाती येतो, तसं.

मग वाक्यं. ती म्हणाली, "एल सोब्रिनो फिर्मो. एल तिओ नो फिर्मो." अर्थ विचारला. पुतण्यानं सही केली. काकानं सही केली नाही.

"उदाहरणाला दुसरी मानसं मिळाली न्हाईत का?"

"घरची माणसं घेतली की ध्यानात राहतं, मामंजी."

"मग नीट तरी घे. सही करायची तर काका करल. पुतन्या कशाला करल?"

आतली भाकरी थांबली. जानकीनं लसणाचं सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, काय? ती म्हणाली, "काय न्हाई. म्हना फुडं."

मी वाक्य उलटं करून पक्कं पाठ केलं. काकानं सही केली. एल तिओ फिर्मो. आरोहीनं दुरुस्त केलं नाही, म्हणजे बरोबर असावं.

८ सप्टेंबर

रविराज येऊन गेला. मोजणीचं काम उरकत आलं म्हणाला. आता कंपनीला मुरूम लागेल, तो वाहायला चार डंपर घ्यायचं त्याच्या मनात आहे. पोरगा धडपड्या आहे. भाऊ असता तर त्याला समाधान वाटलं असतं.

जानकीनं त्याला चहा विचारला नाही. या घरातून कुणी बिनचहाचं गेलेलं मला आठवत नाही. माझ्याविरुद्ध निवडणूक लढवलेला माणूसही चहा पिऊन गेला आहे. नंतर विचारलं, कावून गं? म्हणाली, दूध नासलं होतं. पण थोड्या वेळानं मला त्याच दुधाचा चहा मिळाला.

घरात काहीतरी शिजतं आहे. सासू-सुना एक झाल्या आहेत असं वाटतं. एरवी ही आनंदाची गोष्ट, पण कशावर एक झाल्या हे कळायला पाहिजे.

१४ सप्टेंबर

संशय खरा ठरला. आमच्या बागेला ज्याचा बांध लागून आहे तो भारत आज पारावर भेटला. चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, "अर्जुनराव, तुमची सून देवळापाशी त्या फॉरेनच्या बाईसंगं फडाफडा बोलत होती. मला तर वाटलं भांडनच लागलं. आमच्या सिदूला म्हनलं, बे, हिच्या अंगात आलं का काय!"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन हसलो नाही.

आरोहीला दारापाशी बोलावून विचारलं. तिनं कबूल केलं. "रस्त्याचं विचारत होते, मामंजी."

"तुला रस्त्याशी काय करायचंय?"

तिनं जानकीकडं पाहिलं. जानकी म्हणाली, "बोल की." आरोही म्हणाली, "मामंजी, रविराज भाऊजींनी..." आणि मी तिथंच थांबवलं. घरच्या पुरुषाचं नाव घेऊन सुनेनं गाऱ्हाणं सांगायचं, ही रीत माझ्या घरात नाही. माझ्या आईनं कधी केलं नाही, जानकीनं केलं नाही.

आता सगळं जुळतं. नोकरी मोडल्याचा हिचा राग आहे. कंपनीत जागा मिळावी म्हणून आमचं घरातलं बोलणं बाईला पुरवते आहे, आणि रविराजनं ते पाहिलं म्हणून त्याच्यावर उलटते आहे. धडे बंद केले.

१९ सप्टेंबर

धडे पुन्हा सुरू केले. शत्रूची भाषा अर्धवट ठेवून कसं चालेल?

आरोही आधीसारखीच शांत. आजची क्रियापदं विचारणे आणि उत्तर देणे. प्रेगुन्ते, मी विचारलं. कोन्तेस्तो, तिनं उत्तर दिलं. वाक्य दिलं: "मी मार्ताला विचारलं. मार्तानं उत्तर दिलं. काकांना कुणी विचारलं नाही."

"परत काका! तुझ्या वाक्यातल्या काकाला काही कामच न्हाई का?"

आतून जानकीचा आवाज: "काम हाय की. ध्यान न्हाई."

तिसरं माणूस मधे बोललं की शिकणं होत नाही.

२३ सप्टेंबर

बागेत चुन्याची फक्की मारली आहे. दोन सरळ रेघा, फाटकापासून माळापर्यंत, सीताफळाच्या ओळींमधून. काही झाडं रेघांच्या आत आली आहेत. फळं डोळे उघडू लागली आहेत, पंधरा दिवसांत उतरवायला येतील.

रविराजला फोन केला. म्हणाला, "काका, मोजणीपुरती हाय. पाण्यानं पुसून जाईल." जीव भांड्यात पडला. तरी त्याला म्हटलं, भारतवर नजर ठेव. रस्ता माझ्या बागेतून गेला तर त्याचा बांध वाचतो. त्यानंच बाईला काहीतरी भरवलं असणार. रविराज म्हणाला, "मलाबी तसंच वाटतंय, काका."

संध्याकाळी जानकी आणि आरोही बागेत जाऊन खराट्यानं फक्की झाडत होत्या. मी सांगितलं, ती मोजणीची आहे. जानकी थांबली नाही. झाडता झाडता स्वतःशी काहीतरी म्हणत होती. नीट ऐकलं तर फिर्मे-फिर्मास्ते-फिर्मो.

२८ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, कारण गावात उद्या वेगळंच सांगतील.

सकाळी न्याहारी चालू असताना जेसीबीचा आवाज आला. धावत गेलो. फाटकापाशी जेसीबी उभा, पहिलं झाड आडवं पडलेलं, आणि त्याच्यासमोर जानकी. कमरेला पदर खोचून, हातात खराटा. चालकाला म्हणत होती, "घाल अंगावर. घाल." तो बिचारा खाली उतरून हात जोडत होता.

मी बैठक बोलावली. मारताबाई आली, इग्नासिओ आला, रविराज आला. भारतलाही बोलावलं, त्याचं कारस्थान तोंडावर उघडं करायचं म्हणून. बजरंग दुकानाला गेला नव्हता, तो खांबाला टेकून उभा राहिला. ओसरी भरली.

मी बाईला म्हणालो, बाग देणार नाही हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. रविराजनं इंग्रजी केलं. माझं बोलणं लांब होतं, त्याचं इंग्रजी आखूड झालं. बाईच्या कपाळावर आठी पडली. ती इग्नासिओकडं वळून त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि त्या गर्दीत मला एक शब्द लख्ख ऐकू आला. फिर्मो. 'ओ'वर जोर. त्यानं सही केली.

महिनाभर चुलीच्या धुरात बसून जे घोकलं ते समोर चालत आलं. कुणी केली सही? मी सरळ बाईकडं बघून विचारलं, "किएन फिर्मो?"

रविराजचा चेहरा उतरला. बाईचे डोळे मोठे झाले, मग ती हसली, आणि मला भाषा येते असं समजून तिनं जे उत्तर सुरू केलं ते संपेना. मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही. प्रश्न विचारण्यापुरतं शिकलो होतो. उत्तराचा विचार केलाच नव्हता. फक्त एक शब्द दोनदा आला. सोब्रिनो.

रविराज घाईनं म्हणाला, "काका, त्या म्हनतेत भारतनं सही केली. बांधाच्या कागदावर."

भारत उसळला. "काय बे रव्या, सही? मी तर अंगठेबहाद्दर! साऱ्या गावाला ठावं हाय."

हशा पिकला. मी हसलो नाही. भारतला सही येत नाही हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं, पण दुसरी एक गोष्ट ध्यानात होती. भारत माझा पुतण्या नाही.

रविराज पुन्हा काहीतरी समजावू लागला. मी हात वर केला. "तू थांब."

मग मी आतल्या दाराकडं तोंड केलं. चाळीस वर्षांत त्या दाराकडं तोंड करून मी चहा आणि पाणी यांखेरीज काही मागितलं नव्हतं. म्हटलं, "आरोही, बाहेर ये."

कुणी हललं नाही. पुन्हा म्हटलं. ती दारात आली, हात पिठानं भरलेले, पदर डोक्यावर. बजरंग म्हणाला, "आप्पा, चार मानसांत..." त्याच्या आईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो खांबामागं सरकला. भारत उठला आणि आपली खुर्ची पुढं सारली. "बसा सूनबाई. आमी काय, जमिनीचीच मानसं." आरोही बसली.

तिनं हळू आवाजात विचारलं, "तुमच्या वतीनं बोलू का, मामंजी?"

मी रविराजकडं एकदा पाहिलं. मग म्हटलं, "न्हाई. माझ्या वतीनं आता कुनीच बोलायचं न्हाई. तू तुझ्या वतीनं विचार. त्या जे सांगतील ते सगळं सांग. मधे गाळू नको."

ती बोलू लागली. ही पोरगी माझ्या घरात इतक्या हळू आवाजात वावरते की तिला असा आवाज आहे हे मला ठाऊक नव्हतं. बाई तिला उत्तर देत गेली आणि ती एकेक वाक्य मराठीत ठेवत गेली, ताटात भाकरी ठेवावी तसं.

"त्या म्हणतात, पहिल्या बैठकीत तुम्ही रविराज भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हा बोलला म्हणजे मी बोललो. त्यांनी खात्री करून घेतली. पुढच्या आठवड्यात यांनी सांगितलं की काकांचा विचार बदलला, रस्ता बागेतून घ्या, आणि तुमच्या वतीनं सही केली. म्हणून त्यांनी तुम्हाला पुन्हा विचारलं नाही. मी देवळापाशी भेटून सांगितलं, तेव्हा त्यांनी यांनाच विचारलं. हे म्हणाले, वहिनींना घरात कुणी विचारत नाही, त्यांना काही माहीत नसतं."

हे शेवटचं सांगतानाही तिचा आवाज हलला नाही.

रविराज म्हणाला, "काका, ओढ्याकडनं लई लांब पडतं. रस्ता लांबला असता तर कंपनीनं दुसरं गाव बघितलं असतं. गावाचंच भलं बघितलं मी."

"आन तुझे डंपर?"

त्याचा बाप गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. जत्रेत मी त्याला खांद्यावर घेऊन फिरवलेलं आहे. आणि पहिल्या बैठकीत हातही मीच त्याच्या खांद्यावर ठेवला होता.

मी आरोहीला म्हटलं, बाईंना सांग: रविराज म्हणजे मी न्हाई. तो बोलला ते तो बोलला. तिनं सांगितलं. वाक्य छोटं होतं, मला त्यातलं आब्लो ऐकू आलं.

बाईनं जेसीबी परत पाठवला. ओढ्याच्या बाजूनं नव्यानं मोजणी होईल. कदाचित माझ्या माळावर पवनचक्की येणारही नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. येऊ नये तर नको येऊ. एक झाड गेलं, बाग राहिली.

२९ सप्टेंबर

आडव्या झाडावरची फळं जानकीनं उतरवून पेंढ्यात पिकायला घातली आहेत.

शांतपणे विचार केला तर वाटतं, मी वेळेत भूतकाळ शिकलो म्हणून निभावलं. आणि नशीबही असं की आरोहीच्या उदाहरणात नेमका सोब्रिनो हा शब्द होता. नाहीतर काय कळणार होतं?

तिला बोलावून म्हटलं, तुला हे ठाऊक होतं तर मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "मामंजी, मी रोज सांगत होते." एवढं म्हणून आत गेली. कधी सांगत होती, मला आठवत नाही. वाक्यं तर ती भलतीसलतीच द्यायची.

जानकीला विचारलं, तुला कधी कळलं?

"कप फुटला त्या दिशी. तिनं मला सांगितलं."

"मग तू तरी सांगायचं."

"सांगितलं की. रव्याला चहा दिला न्हाई."

३ ऑक्टोबर

मारताबाईनं माणूस पाठवला. कंपनीला गावागावांत बोलणारं कुणीतरी पाहिजे, सूनबाई येतील का? बजरंगनं माझ्याकडं बघितलं. मी आरोहीकडं बघितलं. ती जानकीकडं बघत होती. जानकी म्हणाली, "सकाळच्या भाकरी मी करीन. मला कुठं जायचंय?" मी होय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. येत्या सोमवारपासून ती जाणार आहे.

धडे संध्याकाळी घ्यायचे ठरलं आहे. मी उत्तरं समजायला शिकणार आहे. आता ती ओसरीवर खुर्चीत बसून शिकवते. पाठ करून बसायची सवय असल्यामुळं मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

१२ ऑक्टोबर

दसरा. संध्याकाळी सोनं वाटून मी परत आलो तर रविराज फाटकापाशी उभा होता, हातात आपट्याची पानं. आत यावं का नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. दसऱ्याला आलेल्या माणसाला दारात ठेवत नाहीत. मी म्हटलं, ये.

तो पाया पडला, सोनं दिलं. मी दिलं. बजरंगनं आधी तोंड फिरवलं, मग दिलं. आरोहीलाही त्यानं सोनं दिलं आणि खाली बघून म्हणाला, "वहिनी, चुकलं." तिनं पानं घेतली. जानकीनं पानं घेतली, आपली दिली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो बाजेच्या कडेला बसून राहिला.

मला वाटलं, सरलं आता. आत जाऊन हळूच म्हटलं, "चहा टाक की गं. दसरा हाय."

जानकी चुलीपाशी बसून होती. चूल पेटलेली होती.

"सोनं दिलं," ती म्हणाली. "ते देवाचं. चहा माझा हाय."